बाईला विचारलं का?

"बाईला विचारलं का?" असं म्हणत सिस्टर टेबलाशी उभ्या राहिल्या, की हातातला फॉर्म आता फाडावा लागणार हे मी ओळखायचो. एकाहत्तर-बाहत्तर सालची गोष्ट. नगरच्या एका बायकांच्या दवाखान्यात मी कारकून होतो. ऑपरेशनच्या संमतीच्या कागदावर नवऱ्याचा नाहीतर सासऱ्याचा अंगठा घेणं हे माझं काम. बाईला विचारायचं असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर सुचलंही नव्हतं. तुम्हाला तरी सुचलं असतं का?

सिस्टरांच्या खिशात एक सुपारी असायची. बीजाच्या पिशवीवर गाठ असलेली बाई आली, की त्या रुमालाच्या टोकात सुपारी बांधून तिच्या खाटेवर बसत. "ही सुपारी म्हणजे तुझी गाठ, हा कोपरा म्हणजे तुझी बीजाची पिशवी. पोट तर उघडावंच लागतं. मग एक तर नुसती सुपारी सोडवायची, रुमाल राहतो. नाहीतर हा कोपराच कापायचा. आणि फारच खराब निघालं, तर सगळा रुमाल, म्हणजे गर्भाशयसुद्धा, जातो. ते डॉक्टर आत बघून ठरवतील. पण तुझ्या मनात काय ते आधी सांग."

एका आजीबाईंनी हे सगळं नीट ऐकून घेतलं आणि सुपारी तोंडात टाकली. सिस्टर दुसऱ्या दिवशी नवी घेऊन आल्या.

मग काष्टी गावची एक पोर आली. एका बाजूची पिशवी आधीच काढलेली, आता दुसरीवर गाठ. मूल नव्हतं. नवरा म्हणाला, "समदं काढून टाका. सारख्या येरझारा कोन घालनार?" मी अंगठा घेतला.

"बाईला विचारलं का?"

"नवऱ्याचा अंगठा झालाय, सिस्टर."

"पोट कुणाचं आहे, भाऊसाहेब?"

सिस्टरांनी सुपारी बांधलेला रुमाल पोरीच्या हातात दिला. मग तिनं आपल्याच हातानं गाठ सोडली, सुपारी सिस्टरांच्या तळव्यावर ठेवली आणि रुमालाची घडी करून चोळीत खोचली. "एवढं ऱ्हाऊ द्या, बाई." डॉक्टरांनी नुसती गाठ काढली. जाताना पोर रुमालही घेऊन गेली. सिस्टरांनी तो मागितला नाही.

मी मात्र वैतागलो होतो. "तुम्हाला एवढं काय पडलंय?"

"माझं विसाव्या वर्षी दोन्हीकडचं काढलं," त्या म्हणाल्या. "मिस्टरांना विचारलं होतं. मला शुद्धीवर आल्यावर कळलं."

मिस्टर पुढे पुण्याला गेले ते गेलेच. रविवारी चर्चहून आल्यावर सिस्टर क्वार्टरच्या पायरीवर बसून पेशंटांना भेटायला आलेली माणसं बघत. नाताळात करंज्यांचा अख्खा डबा माझ्या टेबलावर ठेवत. "घरी कुणाला देऊ?" मला तेव्हा फक्त करंज्या दिसल्या, याची आज लाज वाटते.

पुढच्या वर्षी सिस्टरांच्याच आतड्याला पीळ पडला. ऑपरेशन ताबडतोब करायचं ठरलं. कागद माझ्याकडे आला, नातेवाइकाची ओळ कोरी. मी तो घेऊन त्यांच्या खाटेशी गेलो.

"सिस्टर, तुमच्या मनात काय आहे?"

एवढ्या दुखण्यातही त्या हसल्या. "ऑपरेशन करा हो. फक्त बाहेर बाकावर कुणीतरी बसा."

नवरे बसतात त्या बाकावर मी बसलो. दुपार कलली तेव्हा डॉक्टर बाहेर आले.

"सिस्टर गेल्या," ते म्हणाले. "त्यांच्या माणसांना कळवायला हवं. कोण आहे त्यांचं?"

मी उठून उभा राहिलो.