सिल्वेरिओची टोपी

...तर रुफिनोच्या टोपीतून पाणी ठिबकायला लागलं आणि सिल्वेरिओच्या अंगणात एकच हशा पिकला. इथवर आलो होतो काल, आणि तुमच्या आजीनं सूप निवतंय म्हणून हाक मारली.

"टोपी विणलीस का मासे धरायचं जाळं रे?" कुणीतरी ओरडलं. रुफिनो मान खाली घालून उभा.

आता, सरोवरातल्या आमच्या या टाकिले बेटावर विणायच्या सुया पुरुषांच्या हातात. बायका सूत काततात, मागावर पट्टे विणतात. टोपी मात्र गड्यानंच विणायची. मुलगी मागायला येणाऱ्यानं स्वतः विणलेली टोपी उलटी धरायची, मुलीच्या बापानं तीत पाणी ओतायचं. थांबलं तर सोयरीक पक्की. गळलं तर घरी जा, टोपी उसव, पुढच्या वर्षी ये.

त्या दिवशी मुलीचा बाप होता सिल्वेरिओ, माझा शेजारी. होडी हाकण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. पण चौकात आम्ही सगळे कट्ट्यावर बसून विणत, एकमेकांची उणीदुणी काढत असू, तेव्हा हा एकटा सरोवराकडे तोंड करून बसायचा. आमच्याकडे पाठ! "राजेसाहेबांच्या टाक्यांना आमची दृष्ट लागते," मी चिडवायचो. तो हसायचा नाही. डोक्यावरची टोपी कुणाच्या हाती द्यायचा नाही. गर्विष्ठ माणूस, असं आम्ही ठरवून टाकलं होतं.

"सांग ना सिल्वेरिओ," मी म्हणालो, "पोराला वाटेला लाव, म्हणजे आम्ही बटाटे खायला मोकळे."

सिल्वेरिओची मुलगी डेल्फिना दाराच्या चौकटीला धरून उभी, ओठ घट्ट मिटलेले. बाप 'जा' म्हणाला असता तर रुफिनो पुन्हा आला नसता. त्याच आठवड्यात तो पलीकडच्या किनाऱ्यावर खाणीत कामाला जाणार होता. हे पोरीला ठाऊक होतं आणि बापालाही.

सिल्वेरिओचे कान लाल झाले. वाटलं, पोराचा राग आलाय. तर त्यानं स्वतःची टोपी काढली, उलटी धरली आणि घागर माझ्या हातात दिली.

"ओत, दोस्ता."

"चेष्टा करतोस?"

"ओत म्हणतो ना!"

मी ओतलं. ठिबकणं कसलं, धारच लागली! माझे पाय, त्याचे पाय, सगळं चिंब. हसायला तोंड उघडलेली माणसं तशीच राहिली. मीही. तो ओली टोपी हातात घेऊन उभा, नजर जमिनीला. एवढा मोठा गडी, पण इतका लहान झालेला मी त्याला कधी पाहिला नव्हता.

भिंतीशी त्याचा सासरा, म्हातारा सिप्रिआनो, कोकाची पानं चघळत बसला होता. सिल्वेरिओच्या लग्नाच्या वेळी टोपीत पाणी ओतलं होतं ते त्यानंच, आणि तेव्हा एक थेंब गळला नव्हता. म्हाताऱ्यानं चघळणं थांबवलं.

"जावईबापू, मग त्या दिवशी माझ्यासमोर धरलेली टोपी कुणाची?"

सिल्वेरिओनं मान वर केली नाही.

"माझ्या बाबांची, मामा. माझ्या हातून टाके कधी घट्ट बसलेच नाहीत. तुमची मुलगी मी दुसऱ्याच्या टोपीवर आणली, आणि त्या लाजेनं आजवर लोकांकडं पाठ करून बसलो. या पोराची गळते, पण त्याची स्वतःची आहे. त्याला मी कुठल्या तोंडानं परत पाठवू?"