मेहुण्याच्या कामाची खातरजमा

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या कंपनीत तक्रारींच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाला सगळे 'खातरजमा' म्हणत. तोंडावर 'काका' म्हणत, पाठ वळली की खातरजमा. हे नाव त्याने स्वतःच्या कष्टाने मिळवलं होतं. घराला कुलूप लावलं की ते ओढून बघायचा, जिना उतरून खाली गेला की परत वर येऊन पुन्हा ओढायचा. डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला काही झालेलं नाही," की याच्या मनात पाल चुकचुकायची. काही झालेलं नसताना माणूस एवढ्या ठासून कशाला सांगेल?

अशा माणसाला नोकरीही अगदी शोभेशी मिळाली होती. इमारतींकडून लिफ्टच्या तक्रारी ईमेलने यायच्या. तो त्या छापून मेकॅनिकच्या हातात द्यायचा. काम करून आला की मेकॅनिक टेबलासमोर उभा राहून एकच शब्द बोलायचा, "झालं." मग खातरजमा त्याच्या देखत त्या इमारतीत फोन लावायचा. "लिफ्ट चालू झाली का? तुम्ही स्वतः बसून बघितलं का? मग आता बसा आणि येऊन सांगा, मी फोन धरून आहे." तोवर मेकॅनिक बिचारा उशिरा शाळेत आलेल्या पोरासारखा उभा. पलीकडून होकार आला की तो मेल 'मिटलं' नावाच्या कप्प्यात जायचा आणि मेकॅनिकला चहा प्यायची मुभा मिळायची.

या नियमाला अपवाद एकच होता. बायकोचा धाकटा भाऊ त्याच कंपनीत मेकॅनिक होता. घरी सगळे त्याला धाकटा म्हणायचे, म्हणून हळूहळू ऑफिसातही तो धाकटाच झाला. नोकरीला लागला तेव्हा खातरजमाने त्याच्याही कामाचा फोन एकदा लावून बघितला होता. ती बातमी याच्याआधी घरी पोचली. त्या दिवशी ताट गार आलं. बायको एवढंच म्हणाली, "माझ्या भावाच्या शब्दावर विश्वास नाही, तर माझ्या स्वयंपाकावर तरी कशाला ठेवता?" तेव्हापासून धाकट्याचं 'झालं' म्हणजे झालं. त्याच्या इमारतींत फोन जात नसे. जगात विश्वास टाकलेली ही एकच जागा, आणि तीसुद्धा भीतीपोटी, असं ऑफिसातले म्हणायचे. पण वर्षं गेली तशी भीती जाऊन तिथे खरोखरचा विश्वास आला होता, आणि तो असल्याचं खातरजमाला मनातून फार बरं वाटायचं.

मग कॉम्प्युटरवाला आला. जुनी सिस्टीम आता चालणार नाही, नवीन टाकावी लागेल, म्हणाला. तो काम करत होता तेवढा वेळ खातरजमा त्याच्या मानेमागे श्वास सोडत उभा होता. "माझे मेल कुठे जाणार नाहीत ना? एकही?" असं त्याने इतक्यांदा विचारलं, की शेवटी कॉम्प्युटरवाला वैतागून म्हणाला, "काका, एकही जाणार नाही. माझा शब्द."

गेला एकही नाही. उलट दुसऱ्या दिवशी सकाळपासून यायलाच लागले.

एक तक्रार आली, थोड्या वेळाने दोन आल्या, चहापर्यंत पान भरलं. सगळ्यांपुढे आजची तारीख. नव्या सिस्टीममध्ये मेल लिहिला कधी हे दिसत नव्हतं, इथे उतरला कधी तेवढंच दिसत होतं. पहिला मेल वाचला आणि खातरजमाला वाटलं, हे आपण आधी वाचलंय. 'लिफ्टचं दार तिसऱ्या मजल्यावर अर्धवट उघडतं.' त्याने 'मिटलं'चा कप्पा उघडला. तिथे तोच मेल होता, शब्दन् शब्द तोच. आता दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, मशीनने काहीतरी घोळ घातला. पण हा पडला खातरजमा. तक्रार तीच, म्हणजे बिघाड तोच. बिघाड तोच, म्हणजे काम झालंच नव्हतं. लोकांनी कंटाळून जुनंच पत्र पुन्हा पाठवलं.

त्याने एकेक मेल तपासला. बाकीच्या मेकॅनिकांची कामं त्याने फोन करून पक्की केलेली होती, त्यांच्याबद्दल शंकाच नव्हती. तिथले लोकच भांडकुदळ, असं म्हणून ते मेल त्याने बाजूला सारले. उरले धाकट्याच्या इमारतींचे. त्यांची खातरजमा कधी झालीच नव्हती. जिथे आपण डोळे मिटले, नेमकं तिथेच पाणी मुरत होतं.

वेळही अशी, की त्याच दुपारी मालकीणबाईंनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. वडील गेल्यापासून कंपनी त्याच बघायच्या. "काका, हेड मेकॅनिकची जागा भरायची आहे. धाकट्याला द्यावी म्हणते. सगळ्यांची कामं तुमच्या नजरेखालून जातात. तुम्ही हो म्हणालात की लगेच देते."

याच जागेची धाकटा किती वर्षं वाट बघत होता, हे खातरजमाला ठाऊक होतं. दिवसभर शाफ्टमध्ये लोंबकळून त्याचे गुडघे गेले होते. हेड झाला की जमिनीवर उभं राहून काम सांगायचं, एवढीच त्याची इच्छा. 'हो' हा शब्द खातरजमाच्या ओठापर्यंत आला. मग त्याला ते अर्धवट उघडणारं दार आठवलं.

"दोन दिवस द्या, बाई," तो म्हणाला. "बघून सांगतो."

मालकीणबाईंच्या भुवया किंचित वर गेल्या. "बरं," त्या म्हणाल्या.

त्यानंतर खातरजमाने धाकट्यावर जी नजर ठेवली, तशी पोलीसही ठेवत नसतील. धाकट्याचे हात स्वच्छ दिसले की वाटे, ग्रीसमध्ये काम करणाऱ्याचे हात असे असतात का? मळके दिसले की वाटे, दाखवायला मळवून आला. तो हसला तर लपवतोय, गप्प बसला तर घाबरलाय. "भाऊजी, तब्येत बरी आहे ना?" असं धाकट्याने विचारलं, तर खातरजमा चपापला. याला सुगावा लागला की काय? इमारतीत फोन करून विचारायचीही सोय नव्हती. वॉचमन लगेच धाकट्याच्या कानावर घालेल आणि धाकटा रातोरात सगळं सारवून ठेवेल. शेवटी ऑफिस सुटल्यावर तो स्वतःच निघाला, घरी 'उशीर होईल' एवढंच कळवून.

पहिल्या इमारतीत लिफ्ट नीट चालली. दुसऱ्या इमारतीतही. खातरजमाने प्रत्येक मजल्याचं बटण दाबलं, दार बंद होताना मध्ये घडी घातलेला पेपर धरला, दार शहाण्यासारखं मागे सरकलं. याने त्याचं समाधान होईल असं वाटणाऱ्याने त्याला ओळखलंच नाही. लिफ्ट त्याला मुद्दाम नीट चालल्यासारखी वाटली. कोणीतरी आधीच कळवलं असणार.

तिसरी इमारत ती अर्धवट दाराची. तो तिसऱ्या मजल्यावर दाराशी वाकून खालची पट्टी चाचपत होता, तेवढ्यात मागून आवाज आला, "काही हरवलं का?" भाजीची पिशवी घेतलेल्या एक वयस्कर बाई उभ्या होत्या. बोलण्यावरून निवृत्त शिक्षिका वाटत होत्या आणि निघाल्याही तशाच.

"नाही, मी लिफ्टच्या कंपनीतला. दाराची तक्रार आली होती तुमच्याकडून."

"ती होय? ती कधीच मिटली. तुमचा तो मेकॅनिक, धाकटा का कोण, फार चांगला मुलगा. परवासुद्धा येऊन गेला."

"परवा? कशाला?" खातरजमाने कान टवकारले.

"मीही तेच विचारलं, बोलावलं नसताना कशाला आलास? तर म्हणतो, आमच्या ऑफिसात माझे भाऊजी बसतात. ते सगळ्यांच्या कामाची फोन करून चौकशी करतात, माझ्या एकट्याच्या नाही. मग माझं काम कोण बघणार? म्हणून मीच दुसऱ्यांदा येऊन बघून जातो." बाई हसल्या. मग त्यांनी खातरजमाकडे चष्म्यावरून नीट बघितलं. "ते भाऊजी तुम्हीच का?"

"हो," खातरजमा म्हणाला.

"मग आज कसे आलात?"

"सहज," तो म्हणाला, आणि लिफ्ट समोर उघडी असताना जिन्याने खाली उतरला.

उतरताना त्याला शरम वाटली, पण शंकेने तिथेही पाठ सोडली नाही. बाईंना कोणी पढवून तर ठेवलं नसेल? नाही, बाईंचा चेहरा पढवल्यासारखा नव्हता. बरं, तक्रार मिटली असेल तर मग ती पुन्हा पाठवली कोणी? धाकट्याच्या वाईटावर कोण आहे? दुसऱ्या दिवशी ऑफिसात शिरला तो सगळ्यांकडे चोर बघावा तसा बघतच. हेडच्या जागेवर डोळा असलेला तो उंच मेकॅनिक चहा ढवळत होता. खातरजमाला त्याचं ढवळणंसुद्धा संशयास्पद वाटलं.

खुर्चीत बसून त्याने कॉम्प्युटर सुरू केला. नवीन मेल आले होते. सगळ्यात वर होता तो मोठ्या मालकांचा, मालकीणबाईंच्या वडिलांचा. 'काका, माझा चष्मा तुमच्या टेबलावर राहिला आहे. येताना घेऊन या.'

मोठे मालक जाऊन वर्ष होत आलं होतं. त्यांच्या अंत्ययात्रेत खातरजमा स्वतः चालला होता. मेलपुढे आजची तारीख होती. तो त्या दोन ओळींकडे किती वेळ बघत बसला कोण जाणे. साऱ्या जगावर संशय घेता येतो, गेलेल्या माणसावर कसा घ्यायचा? आणि तो चष्मा त्याने त्याच दिवशी नेऊन दिला होता. मालकांनी तो डोळ्यांवर चढवून म्हटलं होतं, "आता तुम्ही दिसलात."

त्याने कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला.

"अहो काका, त्यात काही नाही," कॉम्प्युटरवाला म्हणाला. "काय काय आणून झालं याची नोंद तो मेलचा प्रोग्राम ठेवतो. सिस्टीम बदलताना ती नोंद पुसली गेली. सर्व्हरवर जुन्या प्रती पडून होत्याच, त्या त्याने नवीन समजून थोड्याथोड्या पुन्हा उतरवल्या. दुप्पट झालेले काढून टाका."

"पण सर्व्हरवर प्रती ठेवायच्याच कशाला?" खातरजमाचा आवाज चढला. "कोणी सांगितलं होतं?"

"तुम्हीच, काका. पहिल्यांदा मेल जोडून दिला तेव्हा. म्हणालात, एक प्रत तिकडेही राहू दे, कोणाचा काय भरवसा."

खातरजमाने फोन ठेवला आणि तडक केबिनमध्ये गेला. "बाई, धाकट्याचं काम चोख आहे. मी हो म्हणतो. हो म्हणायलाच आलोय."

मालकीणबाईंनी हातातला पेन खाली ठेवला. "काका, तुमचा सख्खा मेहुणा, आणि तुम्हाला हो म्हणायला दोन दिवस हवेत. मी काय समजायचं ते समजले. जागा दिली मी काल दुसऱ्याला."

"चूक माझी झाली, बाई. मशीनने जुन्या तक्रारी परत आणल्या, आणि मला वाटलं..."

"तुम्हाला काही वाटलं तर त्यात तथ्य असतं, असं बाबा म्हणायचे," त्या म्हणाल्या. "आता दिलेला शब्द मागे कसा घेऊ?"

संध्याकाळी धाकटा काम उरकून आला. टेबलासमोर उभा राहिला आणि नेहमीसारखं म्हणाला, "झालं." खातरजमाने मान खाली घालूनच मेल 'मिटलं'मध्ये टाकायला हात पुढे केला. धाकटा हलला नाही. त्याने टेबलावरचा फोन उचलून अलगद खातरजमाच्या पुढ्यात ठेवला.

"फोन लावा, भाऊजी."

"अरे, कशाला?"

"तिसऱ्या मजल्यावरच्या बाई भेटल्या होत्या." त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "सगळ्यांसारखाच लावा. मी थांबतो."

खातरजमाने नंबर फिरवला. पलीकडच्या वॉचमनने लिफ्टमध्ये बसून बघितलं आणि येऊन सांगितलं, चालू आहे. तेवढा वेळ धाकटा हात बांधून समोर उभा होता. मग "येतो" म्हणून गेला.

घरी खातरजमाने दारातूनच बायकोचा चेहरा निरखला. हिला किती कळलंय? चेहऱ्यावर काहीच नव्हतं. ताट वाढलेलं होतं आणि त्यातून वाफा येत होत्या. म्हणजे धाकट्याने बहिणीला काही सांगितलेलं नव्हतं.

"धाकट्याचा फोन आला होता," पाणी ठेवत ती म्हणाली. "हेडची जागा त्यानेच नको म्हटली म्हणे. सगळ्यांवर डोळा ठेवत बसणं मला जमायचं नाही, म्हणाला." ती समोर बसली. मग तिने विचारलं, "खरं आहे का हो हे?"

भावाने सांगितलेली गोष्ट दुसऱ्या कोणाला विचारून घेण्याची तिच्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ असावी. नुसतं 'हो' म्हटलं की मिटत होतं. धाकट्याने सगळं मिटवूनच ठेवलं होतं.

"खोटं आहे," खातरजमा म्हणाला. "त्याने नाही म्हटलं नाही. माझ्यामुळे गेली."

आणि त्याने पहिल्या मेलपासून फोनपर्यंत सगळं सांगितलं, काही न लपवता. ती ओरडली नाही, उठलीही नाही. त्याचं सांगून झालं तेव्हा ताट गार झालं होतं. तिने ते गरम करून दिलं नाही. त्यानेही मागितलं नाही. तसाच जेवला.