सुलाबाईंचे चार दिवस

धम्मशीला आणि मी ताडकळसला एका वर्गात शिकलो. मी गावातच शिक्षिका झाले, ती मुंबईला मालिका लिहायला गेली. तिची आई सुलाबाई अंगणवाडीत मदतनीस होत्या. वडील, नागनाथ, ती तीन वर्षांची असताना काम शोधायला निजामाबादला गेले ते तिकडेच राहिले. दहा वर्षांनी एकदा दारात येऊन उभे राहिले. सुलाबाईंनी तांब्याभर पाणी दिलं आणि म्हणाल्या, "पानी पिऊन जावा. बसू नका." धम्मशीलानं हे दाराआडून पाहिलं होतं. मला तिनं ते इतक्यांदा सांगितलं, की मीच तिथं होते असं वाटायचं.

पहिली नऊ वर्षं ती दुसऱ्यांच्या मालिकांचे संवाद लिहीत होती. सकाळी पाठवलेलं दुपारी चित्रित व्हायचं, आणि नाव भलत्याचंच यायचं. मग एका वाहिनीनं तिची स्वतःची गोष्ट घेतली. लेखिका तीच, निर्मातीही तीच. गोष्ट सुलाबाईंची होती, फक्त नाव बदललेलं. रोज साडेसातला आमची गल्ली सुलाबाईंच्या घरी जमायची.

दोनशेव्या भागात नवरा परत येणार होता. तिनं प्रसंग पाहिला तसाच लिहिला. वाहिनीचे लोक म्हणाले, "बायकांना हे आवडणार नाही. त्याला घरात घ्या. चार दिवस राहू दे, तिच्या हातचं जेवू दे, मग जाऊ दे."

ती दोन बैठका भांडली. नुसती लेखिका असती तर उठून आली असती. पण सेटवरच्या सत्तर माणसांचं पोट आता तिच्यावर होतं. तिनं एका दुपारी बसून प्रसंग बदलला. तो चांगला उतरला, याचंच तिला जास्त वाईट वाटलं.

भाग लागला त्या दिवशी तिनं आईला फोन केला नाही. तीन आठवड्यांनी गावी आली. मी भेटायला गेले तेव्हा सुलाबाई शेजारच्या कुसुमबाईंना सांगत होत्या, "चार दिस व्हते की आमच्या घरी. शेपूची भाजी लय आवडायची त्यांला. न्हाणीचं दार निखळलं व्हतं, ते बसवून दिलं."

धम्मशीलाच्या हातातला चहा तसाच राहिला. "माय, कोणाचं सांगायलीस?"

"तुझ्या बापाचं. दुसऱ्या कोणाचं?"

"ते मालिकेत झालं. तू तर त्यांना दारातूनच लावून दिलंस. मी बघत होते."

"तू कुठली बघतीस? तू शाळेच्या शिबिराला येलदरीला गेलतीस."

धम्मशीला मला बाहेर घेऊन आली. "राजेश्री, चार दिवस मी लिहिले. पण ती भाजी मी लिहिली नाही. ते दारही नाही. हे कुठून आलं?" मग एकदम विचारलं, "शिबिराला मी होते का गं?"

मी खूप आठवून पाहिलं. येलदरीच्या धरणाच्या भिंतीवरून ओळीनं चाललेलो आठवलं. माझ्या मागं वर्गातली राजनंदिनी होती, तिची चप्पल तुटली होती. धम्मशीला होती की नव्हती, सांगता येईना. कुसुमबाईंनाही तिनं गाठलं. त्या म्हणाल्या, "आलता गं. एकदा का दोनदा, काय ठाव. जेवला का न्हाई ते बघायला मी थोडीच गेलते?"

नागनाथांना विचारावं, तर ते निजामाबादलाच वारले होते.

ती दोन दिवस जास्त राहिली. न्हाणीच्या दाराला आता पत्रा होता, त्यावरून काहीच कळेना. आईचं म्हातारपण, रोजची मालिका, दोन्ही मिसळलं असेल, असं मी म्हणाले. तिला पटलं, आणि संध्याकाळपर्यंत पटेनासंही झालं. "आणि मीच चुकीचं बघितलं असेल तर?" असं ती विचारत राहिली. खरं सांगायचं तर सुलाबाईंचं तरुणपण आठवू गेलं की मलाही आता त्या नटीचाच चेहरा दिसतो.

पुढं ती मालिका संपली. दुसरी सुरू झाली, ती चांगली चालते. त्यात गावही नाही आणि आईही नाही. धम्मशीला दर दोन महिन्यांनी येते, आईची चूक काढत नाही, ऐकत बसते. मागच्या खेपेला मी तिथंच होते. तिनं हळूच विचारलं, "माय, चौथ्या दिवशी जाताना काय म्हणले ते?"

सुलाबाई शेंगा सोलत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "ते न्हाई सांगत. तू टीव्हीवर दावशील."

धम्मशीलानं माझ्याकडं पाहिलं. हसावं की काय करावं, ते आम्हां दोघींनाही कळलं नाही.