कडेवरचं नाव

त्यांना सगळे भिंगकाका म्हणत. "भिंग लावूनच जन्मले असतील," काकू म्हणायच्या. "माझ्याकडे भिंगाशिवाय बघितल्याचं मला तरी आठवत नाही."

घड्याळाच्या दुकानावरची खोली. खिडकीशी टेबल, लाकडी चाप, कोरण्यांचा डबा. पाट्यांवर आणि चषकांवर नावं कोरणं हा पोटाचा धंदा. मान मिळायचा तो पदकांमुळे. एका जुन्या लढाईतली पदकं सैन्याने कोरीच वाटली होती. घरच्यांनी बाजारातल्या कारागिराकडून कडेवर नाव कोरून घेतलं. पुढे दप्तरखाना जळाला आणि पदकाखेरीज पुरावा उरला नाही. माजी सैनिकांच्या संघाने न परतलेल्यांच्या नावांचा पितळी फलक करायचं ठरवलं, तेव्हा कोणतं नाव त्या वेळचं आणि कोणतं मागाहून घुसडलेलं, हे सांगायचं काम काकांकडे आलं. त्यांचा नियम सोपा होता. पदक आणि नाव बरोबरीने झिजतात.

एक म्हातारी लेकीचा हात धरून जिना चढली. मुलाचं पदक तिने टेबलावर ठेवलं. काकांनी भिंग लावलं. पदकाचं पोट-पाठ गुळगुळीत, वरचा शिक्काही पुसट. कडेवरची अक्षरं मात्र धारदार. खाचांत काळपटपणा होता. पण तो औषध लावूनही आणता येतो. कडेलगत एक सरळ रेघ होती. चापात आवळल्याची असणार.

"कधी कोरलं?"

"पदक आलं त्याच आठवड्यात."

"कारागीर कोण?"

"तो गेला बाबा कधीच."

"सगळ्यांचेच कारागीर गेलेले असतात, आजी."

काकांनी दाखल्यावर लिहिलं : पदक जुनं, नाव नवं. फलकावर एकेचाळीस नावं लागली. ती काकांनीच कोरली.

चार महिन्यांनी, तपासणीसाठी ठेवून घेतलेलं पदक परत न्यायला लेक एकटीच आली. आई गेली, म्हणाली. पदक बघून चुकचुकली. "किती मळलंय!" पर्समधून तिने कापडाची पट्टी काढली, कडेभोवती घट्ट गुंडाळली आणि फडक्याने पोट-पाठ घासायला लागली.

"ही पट्टी कशाला?" काकांनी विचारलं.

"आईची शिस्त. नावाला हात लागता कामा नये, झिजेल म्हणायची. रोज सकाळी असंच पुसायची. आम्ही चिडवायचो, अगं, दादाला तरी इतकी आंघोळ घातली होतीस का?"

काकांनी पदक मागून घेतलं. भिंगाखाली पट्टीची कड त्या रेघेवर तंतोतंत बसली. त्यांनी भिंग खाली ठेवलं.

"ताई, मी चुकलो."

तिला क्षणभर कळलंच नाही. मग तिने विचारलं, "म्हणजे दादाचं नाव लागेल?"

दुपारीच दोघं संघाच्या कचेरीत गेली. सचिवांनी सगळं ऐकून घेतलं.

"काका, ज्या नियमाने हे नाव काढलं, त्याच नियमाने बाकीची घेतली ना? मुद्दाम घासून झिजवलेलं एखादं खोटं नाव आत आलं नसेल कशावरून?"

काकांनी एकेक पदक आठवून पाहिलं.

"नाही सांगता येत."

"हे लेखी द्याल? त्याशिवाय मला फाइल उघडता येणार नाही. आणि उघडली, की सगळीच उघडेल."

गप्प बसले असते, तर एकेचाळीस घरं निवांत राहिली असती. लेक दाराशी पर्स छातीशी धरून उभी होती. काकांनी पेन मागितलं.

फलकावर कापड टाकलं गेलं. सगळी पदकं परत मागवली. बाहेरचा परीक्षक येणार होता. कधी, ते ठरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी एक गृहस्थ जिना चढून आले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"तुमच्याच सहीने आमचे वडील फलकावर गेले. आता तुमच्याच सहीने संशयित?"

काकू चहा घेऊन आल्या, तोवर गृहस्थ निघून गेले होते.

आठवड्याने लेक आली. "फेरतपासणीच्या यादीत आमचा नंबर बेचाळिसावा आहे. लागेल ना हो काका?"

"लागायला हवं," काका म्हणाले. त्याहून पक्कं त्यांना काही सांगता येईना.

नंतर त्यांनी कुठलंच पदक हातात धरलं नाही. पाट्या कोरत राहिले. गेल्या मंगळवारी टेबलापाशीच वारले. परीक्षक अजून आलेला नाही.