दंडातला उंदीर

पोंभुर्ण्याच्या दवाखान्यात मी नर्स होते तेव्हा नागपूरहून एक तरुण डॉक्टर आले. त्यांना लॅटिनचं भारी वेड. रोगी नसले की मला समोर बसवून एकेका शब्दाचं मूळ सांगायचे. मी मलमपट्ट्या गुंडाळत ऐकायची.

एकदा जंगलात सागाचे ओंडके ओढणारा एक धिप्पाड माणूस दंड धरून आला. स्नायू ताणला होता. डॉक्टरांनी दंड चाचपला आणि खूश होऊन म्हणाले, "याला इंग्रजीत मसल म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ छोटा उंदीर. कातडीखाली पळतो ना, म्हणून!"

मी लेप लावला, पट्टी बांधली. तो दंडाकडे बघत बघत गेला.

चौथ्या दिवशी त्याची बायको त्याला धरूनच घेऊन आली. त्याचा चेहरा उतरलेला, चालताना झोक जात होता.

"बाई, आमचा माणूस तीन दिवसांपासून भात नाई खाऊन राह्यला," ती मला म्हणाली. "म्हणते, दंडातल्या उंदराले उपाशी मारतो."

"मले नाई पायजे तो उंदीर," तो डॉक्टरांना म्हणाला. "चिरा, पण काढा."

डॉक्टर घाबरले. उंदीर नसतो, नुसतं नाव आहे, असं परोपरीनं सांगू लागले. त्याला पटेना. नसतो तर डॉक्टरसाहेब बोलले काऊन? शेवटी डॉक्टरांनी स्वतःची बाही वर केली. "हे बघा, माझ्याही दंडात आहे!" म्हणून मूठ वळली, हात दुमडला, श्वास रोखला. दंडावर काहीच हललं नाही.

त्याच्या बायकोनं जवळ जाऊन नीट पाहिलं. "साहेबाचा उंदीर त पळून गेला!"

आधी मला हसू फुटलं, मग तिला. नवरा डॉक्टरांच्या काडीसारख्या हाताकडे बघत राहिला आणि तोही खो खो हसला.

"अजी, हे बेटकुळी होय," बायको त्याच्या दंडावर थाप मारत म्हणाली. "लहानपणापासून दाखवत फिरता, आता काऊन भेता?"

बेटकुळी म्हटल्यावर त्याला हायसं वाटलं. माझ्या डब्यातला भात त्याने तिथंच संपवला. पंधरा दिवसांत हात बरा झाला.

डॉक्टरांनी मात्र मला हळूच विचारलं, "सिस्टर, बेटकुळी म्हणजे?"

"लहानशी बेडकी, साहेब."

पुढे रोग्यासमोर लॅटिन ओठांवर आलं की ते आधी माझ्याकडे बघायचे. मी डोळे वटारले की नुसतं औषध लिहून द्यायचे.