लॉबीतली हट्टी पायरी

बेंगळुरूच्या सर्जापूर रोडवरच्या त्या सोसायटीत पेस्ट कंट्रोलवाला आला तो चक्क दगडाला लागलेली वाळवी मारायला! हसू नका, खरंच आला. लॉबीतल्या पिवळ्या जैसलमेरी फरशीवर जोडीजोडीनं गोल ठिपके होते, पायरीच्या कडेला बोटभर जाडीच्या नळ्या. असोसिएशनचा सेक्रेटरी शार्दूल, मूळ नागपूरचा, आयटीतला, कामाचा उरक दांडगा. त्यानं नळ्या पाहिल्या आणि लावला फोन.

चौथ्या मजल्यावरची मैत्रेयी सबनीस भाजी घेऊन येत होती. पायरीला ड्रिल लागतंय म्हटल्यावर तिनं पिशवी तिथंच टाकली.

"अहो, थांबा! हा किडा मरून सोळा कोटी वर्षं झाली. आता कुणाला मारताय?"

ड्रिल थांबलं. मैत्रेयीला मात्र रडू की हसू असं झालं होतं. पुण्यात तिनं याच खुणांवर पीएचडी सुरू केली होती. हाडं नाहीत, शिंपले नाहीत. नुसती बिळं आणि सरपटल्याच्या रेघा, दगड होऊन राहिलेल्या. "किड्यांची बिळं बघून काय मिळतं गं?" असं मावश्या विचारायच्या. मग नवऱ्याची नोकरी बेंगळुरूला, मग लेक, आणि प्रबंध राहिला अर्धा. कुणी त्याबद्दल हळहळलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. अर्धा राहिला म्हणजे काय मेला?

आणि ही पायरी! कधीकाळी जैसलमेरला उथळ समुद्र होता, लाटांचा नुसता धिंगाणा. वरच्या वाळूत काही टिकेना, म्हणून हा प्राणी सरळ खाली खणायचा, यू अक्षरासारखं बीळ. त्याची दोन तोंडं म्हणजेच फरशीवरचे ते जोडठिपके. पायरीच्या कडेला दगड उभा कापला होता, तिथं एकावर एक चढत गेलेले यू दिसायचे. अंगावर वाळू पडली की गडी बिळाचा तळ भरून घ्यायचा आणि वर सरकायचा. पुन्हा वाळू, पुन्हा वर. "हट्टी मेला," असं मैत्रेयी जाता-येता लाडानं म्हणायची.

फरशी ठेवायची की नाही, या असोसिएशनच्या मीटिंगमध्ये ती सपशेल हरली. फरशी जुनाट दिसते, टाइल्स घाला, असं ठरलं.

"निदान ती पायरी अख्खी काढून मला द्या," ती म्हणाली.

"मॅडम, अख्खी काढत बसायला वेळ कुठंय? फोडूनच नेतात," शार्दूल म्हणाला.

"बघते कशी फोडतात ते!"

कामाच्या दिवशी सकाळी लोक खाली आले तर लॉबीभर रांगोळी. एकेक जोडठिपका पांढऱ्या रेघेनं जोडलेला, आणि पायरीवर मैत्रेयी, पदर खोचून, मांडी घालून. कंत्राटदार देवाप्पा खानापूरकडचा. तो मशीन हातात घेऊन उभाच राहिला.

"अक्का, रांगोळीवर मशीन कसं घालू मी? स्वल्प सरका की."

"नाही सरकत."

शार्दूल धावत आला. "मॅडम, काय चाललंय हे? त्यात तो प्राणीसुद्धा नाहीये हो. नुसत्या खुणा!"

"खुणा आहेत म्हणून तर! शिंपला काय, लाटेबरोबर कुठूनही वाहत येतो. बीळ वाहत येत नाही. तो जिथं जगला, तिथंच त्यानं खणलं. त्याच्यावरून कळतं, इथं समुद्र होता."

"इथं?" शार्दूल हसला. "मॅडम, हा दगड तर राजस्थानातून ट्रकनं आलाय."

मैत्रेयीचे डोळे भरून आले. ते पाहून शार्दूलही ओशाळला. पण ती उठली नाही.

"आला ना ट्रकनं!" तिचा आवाज चढला. "तू नागपूरहून आलास, मी पुण्याहून आले. कापला, घासला, पॉलिश केला, तुमच्या पायाखाली घातला. सोडला का त्यानं समुद्र? नाही सोडला! आणि मीही नाही सोडणार!"

देवाप्पानं मशीन भिंतीला टेकवलं आणि पोरांना पहारी आणायला सांगितल्या. "सरी, बरं अक्का, उठा आता. अख्खी काढतो."

पायरी चौथ्या मजल्यावर तिच्या दारात बसली. आठवड्यातच असोसिएशनची नोटीस आली: दाराबाहेर पायरी नियमात बसत नाही, ताबडतोब हटवावी. मैत्रेयीनं ती पायरीवर बसूनच वाचली, घडी करून बुडाखाली ठेवली, आणि पुण्याच्या सरांना फोन लावला.

"सर, मैत्रेयी बोलतेय. प्रबंध पुरा करायचाय."