माजघरातली पानवेल

वाशीमकडच्या मालेगावाजवळ आमचं घर, त्या धाब्याच्या घराला खिडकी अशी नव्हतीच. माजघरात वरच्या झरोक्यातून तळहाताएवढं ऊन यायचं, दुपार कलली की तेही जायचं. लढाईचे दिवस, दिव्याला रॉकेल मिळायचं नाही. त्या अंधारात माझी दोन लेकरं गेली. पहिलं सव्वा महिन्याचंही झालं नव्हतं. दुसरं रांगायला लागलं होतं.

दुसऱ्याच्या मागे सासूबाई म्हणाल्या, "तुया हातचं काई जगत नाई वं." रागानं नाही, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं म्हणाल्या. ते जास्त झोंबलं. मी हट्टाला पेटले. याच घरात, याच हातांनी काहीतरी जगवून दाखवायचं.

आधी पुदिना लावला. तो काडीसारखा उंच झाला, पांढरा पडला आणि लोळला. अंगणातल्या तुळशीला सासूबाई मला हात लावू देत नसत. मग वाशीमहून माझा भाऊ आला, त्यानं ओल्या फडक्यात पानवेलीचा तुकडा आणला. म्हणाला, "याले ऊन खपत नाई, घरात जगते." सासूबाईंनी कपाळावर हात मारला. पानमळ्यात बाईला पाऊल टाकू देत नाहीत. विटाळानं वेल करपते, असं सारेच मानत.

"पानवेल, आन् तुया हातानं?" त्या म्हणाल्या.

मला तर तीच हवी होती. ही जगली की साऱ्यांची तोंडं बंद.

फुटक्या घागरीच्या बुडात काळी माती भरून वेल झरोक्याखाली ठेवली आणि मग मला वेड लागलं म्हणा ना. सकाळी पाणी, भाकरी थापता थापता उठून पाणी, निजायच्या आधी पाणी. पान जरा मलूल दिसलं की हातातलं काम टाकून तांब्या घेऊन धावायचे. खालची पानं पिवळी पडू लागली, तशी मी आणखी पाणी घालू लागले. वेलीपुढे बसून रडले. नवऱ्याला म्हटलं, "हे गेली तं मीबी जाईन."

त्यातच मी बाहेर बसले. चार दिवस ओसरीवर, घोंगडीवर. माजघरात पाय टाकायचा नाही. वेलीला पाणी घाला म्हणून आतल्यांना विनवलं, कोणी घातलं नाही. मी ती मेलीच धरली.

न्हाऊन आत गेले तर वेलीच्या शेंड्याला नवं पान सुटलेलं. मातीत बोट घातलं, नुसती ओलसर. तेव्हा उमगलं, काळी माती पाणी धरून ठेवते आणि मी वेलीची मुळं कुजवत होते. धावत जाऊन सासूबाईंना सांगितलं, "आत्याबाई, पानी कमी झालं म्हून जगली."

त्यांनी वेल पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. "तेच तं म्हनून राह्यली मी. तुनं हात नाई लावला म्हून जगली."

पाण्याचं खरं होतं, पण त्यांचंही खोटं म्हणता येईना. त्या दिवसापासून वेलीचं पाणी त्यांनी आपल्याकडे घेतलं. वेल झरोक्यापर्यंत चढली.

पुढच्या साली मुलगी झाली. सासूबाईंनी तिला पहिल्या दिवसापासून आपल्या कुशीत घेतलं. मी भांडायला हवं होतं, पण माझीच छाती झाली नाही. पाजायच्या वेळी त्या तिला माझ्या अंगाशी धरायच्या आणि मी दोन्ही हात जमिनीला टेकून बसायचे. पोरगी जगली.